कापसाच्या खोलीत दोघी

इरफान दुकानात आला तेव्हा काउंटरवर गर्दी होती. आमचं मेडिकल पांढरकवड्याच्या बसस्टँडजवळ. दुपारच्या गाड्यांची वेळ झाली की खेड्यावरची माणसं औषधं घेतात आणि मगच परततात. इरफानचं गॅरेज हायवेवर. ट्रकांची कामं टाकून या वेळी तो कधी येत नाही, आणि आला तर फळीखालून वाकून सरळ आत शिरतो, स्टूल ओढतो, माझ्या डब्यात काय आहे ते बघतो. त्या दिवशी तो गिऱ्हाइकांच्या मागे मुकाट्याने उभा राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. साखरेच्या गोळ्या जेवणाआधी घ्यायच्या की नंतर, हे मी एका आजोबांना समजावून सांगत होते, आणि सांगता सांगताच मला कळून चुकलं. तरी मी त्यांना सगळं नीट सांगितलं, पाकिटावर पेनाने खुणाही करून दिल्या. मग इरफानची पाळी आली. "ताई," तो म्हणाला, "आपा गेली..." आणि लगेच म्हणाला, "दुकान बंद नका करू आता. लोक हायेत."

नसरीनला, इरफानच्या थोरल्या बहिणीला, पांढरकवड्यातच दफन केलं. जनाजा उठला तेव्हा आम्ही बायका दारापर्यंत गेलो. तिथून पुढे पुरुषच जातात. माझे यजमान गेले, खांदा देऊन आले. "तुमच्या त्या फोनला काही अंत आहे की नाही" असं ज्यांनी वर्षानुवर्षं ऐकवलं, ते जाऊन मूठभर माती घालून आले, आणि पाचवीपासून तिच्या बाकावर बसलेली मी दारात. कोणावर रागवायचं? रीत आहे. पण चौकटीला धरून उभी असताना मला जे एकटं वाटलं, तसं माझी आई गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. आता चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला. नसरीन शेख कोण होती, ती हलत्या चित्रांतून काय करत होती, यावर जाणकारांनी मुंबईत लिहिलं आहे. इरफानने ते मला मोबाइलवर वाचून दाखवलं. दोघांनाही अर्धंमुर्धं कळलं. मला जे माहीत आहे ते एका खोलीपुरतं आहे. तेवढंच मी सांगू शकते.

ती खोली माझ्या माहेरची. पांढरकवड्यापासून एसटीने अर्ध्या तासावर आमचं गाव आहे. घरात रस्त्याच्या बाजूची सगळ्यात मोठी खोली वेचणी सुरू झाली की कापसाची व्हायची. पलंग छपरीत यायचा, देव स्वयंपाकघरात जायचे. आजोबांचा फोटो तेवढा भिंतीवरच राहायचा आणि दिवसागणिक कापसात बुडत जायचा. आधी कोट, मग मिशा, मग पागोटं. विजेची वायर बाबा पहिल्याच दिवशी काढून ठेवायचे. बटणातून ठिणगी उडाली तर? बिडी ओढणाऱ्याला त्या दाराजवळ फिरकू देत नसत, मग तो पाहुणा असो की व्याही. खिडकी तर कापसाच्या मागे कधीच गेलेली असायची. उजेड यायचा तो छपरातल्या एका काचेच्या कवेलूतून, म्हणजे कौलातून. दुपारी त्यातून उन्हाचा एक चौकोन उतरायचा, आणि त्या चौकोनातला कापूस तेवढा पांढरा दिसायचा. बाकीचा राखाडी. खेड्याबाहेरच्या माणसाला वाटतं कापसाची खोली पांढरीशुभ्र असेल. ती अंधारी असते.

दिवाळीच्या सुट्टीत नसरीन आमच्याकडे राहायला यायची. गॅरेजमागच्या दोन खोल्यांत वाढलेली मुलगी, दिवसभर हातोडीचा नि हॉर्नचा आवाज. तिला आमच्या कापसाचं वेडच लागलं. कापूस दाबायचं काम पोरांचं असतं, त्यामुळे वर चढायची आम्हाला परवानगीच होती. दाबून झालं की आम्ही छपराच्या वशांना डोकं लागेल इतक्या वर जाऊन बसायचो. तिथून घरातलं सगळं ऐकू यायचं आणि आम्ही आहोत हे कोणाच्या ध्यानात नसायचं. माझ्या मावशीच्या लग्नात काय बिनसलं, आजी आईला काय बोलली, सगळं आम्हाला वरूनच कळलं. "येथी बसलं का आपण घरात बी हाओ अन् घरात नाई बी," नसरीन कुजबुजायची. मी म्हणायची, "चूप बस, बाबा आयकतीन." कापसातले बारीक किडे चावून तिच्या अंगावर पुरळ उठायचं. घरी गेली की तिची अम्मी तिला खोबरेल चोपडायची आणि मला नावं ठेवायची. पुढच्या सुट्टीत पुन्हा हजर.

पुढे ती नागपूरला चित्रकला शिकायला गेली, तिथून मुंबईला. माझं लग्न झालं ते पांढरकवड्यातच, मेडिकलवाल्याशी. "कापसावाल्याची पोट्टी कापूस इकूनच खाते," असं ती चिडवायची, कारण दुकानातली कापसाची बंडलं मीच मोजून लावत असे. तिने लग्न केलं नाही. का नाही, हे तिच्या घरच्यांनी विचारून विचारून सोडून दिलं, मी विचारलंच नाही. ती व्हिडिओ करायची. मला पाठवायची. एकात अर्धा तास एका वाड्यातला जिना दिसायचा आणि वर कोणी जायचंही नाही, खाली कोणी यायचंही नाही. मी फोन केला, "अवं, कोणी येते का नाई?" ती म्हणाली, "तू वाट पाह्यली ना? मंग झालं." मी म्हटलं, "वाट पाहाले मले एसटी स्टँड हाय." ती खूप हसली. असं हसणारं माणूस फोनवर असलं की दुकानातला दिवस बरा जातो. आता तो फोन येत नाही, आणि मी तासातासाने मोबाइल बघते.

बोंडअळीने कापूस खाल्ला, त्यानंतरच्या एका वर्षी तिचा फोन आला. मुंबईच्या एका संग्रहालयाने तिला काम दिलं होतं. मी म्हटलं, "थे तं जुन्या वस्तू ठेवतात. तू एवढी जुनी झाली काय?"

"नवी वस्तू बनवून मागून राह्यले ना बाप्पा. हलत्या चित्राची. डोयाले चष्मा लावाचा अन् त्याच्या आत जाचं."

"आत कोठी जाचं?"

"तुह्या घरी," नसरीन म्हणाली.

मग तिने नीट समजावून सांगितलं. संग्रहालय काही कलाकारांकडून नवी कामं करवून घेत होतं, कोणाकडून व्हिडिओ, कोणाकडून ते व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात ते. डोक्याला मोठा चष्मा बांधायचा. मान वळवाल तिकडे दुसरीच जागा दिसते, मागे पाहिलं तरी तीच. यवतमाळची मुलगी म्हटल्यावर संग्रहालयातल्या बाईंना जे वाटायचं तेच वाटलं. मुंबईत आमच्या जिल्ह्याचं एकच चित्र ठरून गेलं आहे: बाई, तिच्या हातात नवऱ्याचा फोटो, मागे पोरं. नसरीनने स्वच्छ नाही म्हणून सांगितलं. "त्या घरी कॅमेरा घेऊन जाणारे लय झाले," ती म्हणाली. तिला हवी होती ती आमची कापसाची खोली, आम्ही बसायचो त्या जागेवरून दिसणारी. आणि तिची एक अट होती. आत जायचं ते दोघांनी. शेजारी शेजारी बसून, एकाच खोलीत. एकट्याने कोणी जायचं नाही. संग्रहालयाचं म्हणणं, चष्मा एकासाठी असतो, बघणाऱ्यांची रांग असते, दोघांना एकाच खोलीत बसवायचं म्हणजे यंत्राचं काम कितीतरी वाढतं. बाई वाईट नव्हत्या. आधी एकाचं करू, मग पाहू, असं त्यांनी सुचवलं. नसरीनने मान डोलावली, पण तिचं मान डोलावणं मला माहीत आहे. शाळेत बाईंनी बाक बदलून दिला की ती अशीच मान डोलवायची आणि मधल्या सुट्टीनंतर माझ्या शेजारी येऊन बसलेली असायची.

त्या वर्षी भाव पडलेला होता आणि बाबांनी कापूस विकला नव्हता. होळी होऊन गेली तरी खोली जवळजवळ वशांपर्यंत भरलेली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाबा त्या घरात एकटे, आणि सोबतीला तो कापूस. माझ्याकडे या म्हटलं की म्हणायचे, "कापसाले सोडून कसा येऊ?" नसरीन आली, तिच्यासोबत मुंबईची पूजा आली, ती यंत्रांचं पाहणारी. पूजाने दिव्यांच्या पेट्या उतरवल्या आणि बाबा दारात आडवे उभे राहिले. पूजा समजावू लागली, "काका, हे दिवे गरम होत नाहीत."

"गरम होवो का थंडे, कापसाच्या खोलीत दिवा नाई."

"राहू दे पूजा," नसरीन म्हणाली, "मले तोच अंधार पाह्यजे."

मग दिवसच्या दिवस आम्ही त्या काचेच्या कवेलूतून ऊन यायची वाट पाहिली. तो कॅमेरा आगळाच होता. त्याला समोर-मागे काही नाही, चहूबाजूंचं एकदम दिसतं. त्यामुळे चित्रीकरण सुरू केलं की करणाऱ्यालाही तिथे थांबता येत नाही. दहा वर्षांची मुलगी बसली तर तिचे डोळे जेवढ्या उंचीवर येतील तेवढ्या उंचीवर नसरीनने तो कापसावर बसवला, खाली पाट ठेवून. बटण दाबायचं, घसरत खाली यायचं, दार लोटून घ्यायचं आणि तिघींनी छपरीत तोंड मिटून बसायचं. मला हसू यायचं. आयुष्यात ज्या खोलीत आम्ही लपलो, त्याच खोलीपासून आता लपायचं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आम्ही अशाच बसलेल्या असताना बाबा मागच्या दाराने सरळ खोलीत शिरले. पूजाने कपाळावर हात मारला. थोड्या वेळाने ते बाहेर आले, सदऱ्याची बाही खाली करत. "काका, अहो चालू होतं ते!" पूजा जवळजवळ रडायला आली.

"चालू कसं राहीन?" बाबा म्हणाले. "मशीनमागं तं कोनीच नव्हतं."

फोटोच्या यंत्रामागे माणूस असतो, एक डोळा मिटून उभा, आणि तो "पाहा इकडे" म्हणतो. बाबांनी लग्नाकार्यात पाहिलेलं यंत्र ते एवढंच. माणूस नाही म्हणजे यंत्र बंद. मी आणि नसरीन इतक्या हसलो की पूजाही हसायला लागली. बाबा मात्र गोरेमोरे झाले. "पिच्चर खराब झाला का वं तुहा?" त्यांनी नसरीनला विचारलं. "मी तं कापूस पाहाले गेलतो. आतून गरम झाला तं पेटते थो." कापसात ओल राहिली की त्याची गंजी आतून तापते, म्हणून ते रोज जाऊन खांद्यापर्यंत हात खुपसून बघायचे, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. नसरीन त्यांना म्हणाली, "काई खराब नाई झाला बाबा. चांगला झाला." संध्याकाळी तिने ते चित्रण एकटीने पाहिलं. पाहून झाल्यावर ती अंगणात जाऊन बराच वेळ उभी होती. काय दिसलं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "तू तेथीच पाहेजो."

संग्रहालयात ते लागलं तेव्हा मी मुंबईला गेले. नागपूरपर्यंत बसने, तिथून रात्रभराची गाडी; दुकान यजमानांवर टाकून. नसरीनचा चेहरा पाहूनच मला कळलं काहीतरी बिनसलंय. वातावरणनिर्मिती व्हावी म्हणून संग्रहालयाच्या लोकांनी त्या दालनात जमिनीवर कापूस पसरून ठेवला होता. चांगल्या मनाने ठेवला होता. पण तो कापूस म्हणजे आमच्या दुकानातला, निळ्या कागदात गुंडाळून येतो तो! धुतलेला, औषधाचा वास मारणारा, पांढराफटक. सरकी नाही, काडी नाही, कचरा नाही. "कुंदे," नसरीन म्हणाली, "हे पाहून बाबा म्हणतीन, दवाखान्यात आणलं मले." मग आम्ही दोघी पदर-ओढणी खोचून खाली बसलो आणि सगळा कापूस गोळा करून पोत्यात भरला. संग्रहालयातल्या बाईही आमच्यासोबत बसल्या, त्याबद्दल मी त्यांना मानते. लग्नानंतर मी पहिली वेचणी केली ती मुंबईत, फरशीवर.

मग त्यांनी मला स्टुलावर बसवून तो चष्मा बांधला. मी वर पाहिलं, आमचे वसे. खाली पाहिलं, कापूस. माझे स्वतःचे पाय कुठेच नव्हते. काचेच्या कवेलूतून ऊन हळूहळू सरकत होतं. किती तरी वेळ काहीच झालं नाही, आणि मी कंटाळलेही नाही. मग दार उघडलं आणि बाबा आले. त्यांनी वर पाहिलं, सरळ माझ्याकडे, पण मी तिथे नव्हते. त्यांनी बाही वर केली, हात आत खुपसला, डोळे मिटून उभे राहिले. आणि मग स्वयंपाकघराच्या दिशेने तोंड करून, रोजच्या आवाजात म्हणाले, "नाई वं. थंडाच हाय."

आई असताना ती चुलीजवळून रोज ओरडून विचारायची, गरम तं नाई झाला ना? बाबा रोज उत्तर द्यायचे. प्रश्न विचारणारी जाऊन इतकी वर्षं झाली आणि बाबा अजून उत्तर देत होते. हे मला माहीत नव्हतं. एकट्या माणसाचं असं काही दुसऱ्याला माहीत असूच शकत नाही. कोणी पाहायला गेलं की ते थांबतं. आमच्या मशीनमागं कोणी नव्हतं म्हणून ते चित्रात आलं. मी हात पुढे केला, मला बाबांना हाक मारायची होती, आणि हाताला संग्रहालयातली गार हवा लागली.

चष्मा काढला तेव्हा माझा चेहरा ओला होता. नसरीन दाराशी उभी होती. मला वाटलं ती मिठी मारेल, तर ती भांडायलाच आली. "पाह्यलं? आत कोन होतं तुह्यासंग? कोनाचा हात धरला तू? म्हणून म्हणून राह्यली मी, दोघी पाह्यजे. एकटं माणूस पाहून एकटंच निंगते, हे काय पाहाणं झालं?" तिथेच, माझ्यादेखत, तिने त्या बाईंना पुन्हा गाठलं. लोकांना ते काम फार आवडलं म्हणे, रांगा लागल्या. नसरीनच्या लेखी ते अर्धवटच होतं. वर्षभर ती बाईंच्या मागे लागली, आणि शेवटी संग्रहालयाने दोघांसाठीची खोली करायचं काम तिला दिलं. मला फोन करून म्हणाली, "आता दोघी जाऊ. पह्यल्या आपण, मंग दुनिया."

त्याच पावसाळ्यात तिला रक्ताचा आजार निघाला. उपचार नागपूरला सुरू झाले, मुंबईचं घर सोडावं लागलं, आणि ती इरफानकडे परत आली. गॅरेजच्या मागे त्याने आता वर एक मजला चढवला आहे. तिथली खोली तिला दिली. तिचं सगळं केलं ते इरफानच्या बायकोने, शबानाने. शबाना आदिलाबादची. अबोल. मी गेले की चहा ठेवून खाली निघून जायची, आणि आम्हा दोघींच्या गप्पांत तिला ये म्हणावं असं कधी कोणाला सुचलं नाही. नसरीनकडे तपासून पाहण्यासाठी दोन चष्मे होते. पूजा मुंबईत बसून काम करायची, नसरीन इथून सांगायची. तिने ठरवलं होतं, शेजारचं माणूस दिसणार नाही. चेहरा नाही, हात नाहीत. फक्त ते बसलं की आपल्या बाजूचा कापूस दबेल आणि त्याचा आवाज येईल. "माणूस जवळ हाय हे तेवढ्यानं समजते," ती म्हणायची. पण ते काही केल्या जमत नव्हतं. दर रविवारी दुकान बंद करून मी जायची आणि आम्ही करून पाहायचो. एकदा ती बसली तर कापूस दबायच्या ऐवजी उसळून आढ्याला लागला. एकदा मी बसले आणि कापसात बुडालेला आजोबांचा फोटोच वर येऊन हलायला लागला. आम्ही हसायचो, मग तिला गरगरायचं आणि उलटी व्हायची. डोक्यावर केस उरले नव्हते, चष्म्याचा पट्टा घसरायचा. शबानाने त्याखाली बांधायला मऊ रुमाल शिवून दिला होता. शेवटच्या रविवारी ती फार थकलेली होती. चष्मा लावलाच नाही, मांडीवर घेऊन बसली. निघताना म्हणाली, "पुढच्या रविवारी येजो. आता कापूस दबून राह्यला थोडा थोडा..." रविवार यायच्या आधीच इरफान दुकानात आला.

चाळिसाव्याला पूजा आली होती. काम पूर्ण झालं होतं. पुढच्या महिन्यात संग्रहालयात ते लागणार आहे, दोन माणसांच्या बाकासकट. तिने घरच्या दोन्ही चष्म्यांत ती खोली भरून दिली आणि गेली. त्यानंतरच्या रविवारी मी दुपारी इरफानकडे गेले. तो गॅरेजमध्ये होता, शबाना स्वयंपाकघरात. मी वर गेले. पलंग भिंतीला उभा करून ठेवला होता, खिडकीत तिच्या औषधांचे रिकामे डबे, त्यातले कितीतरी माझ्याच दुकानातले. मी दार लावून घेतलं. मला तिथे एकटीलाच जायचं होतं. कोणाला दाखवायचं नव्हतं, कोणाला सांगायचं नव्हतं. चष्मा बांधला. अंधार. वाट पाहिली, वसे दिसेनात, कापूस दिसेना. अंधारात फक्त एक ओळ उजळली: "सोबत अजून यायची आहे."

मला वाटलं बिघडलं असेल. काढलं, पुन्हा लावलं, तेच. पूजाला फोन केला. "बिघडलं नाहीये, मावशी. दोन्ही चष्मे डोक्यावर असल्याशिवाय ती खोली उघडतच नाही. आणि दोघांतलं एक कोणी उठलं की बंद होते. नसरीनदीदींनी तसंच करायला लावलं. एकट्यासाठी उघडायची सोयच ठेवू नको म्हणाल्या." मी विचारलं, माझ्यापुरती नाही का उघडता येणार? पूजा म्हणाली, "मी त्यांना हेच विचारलं होतं. म्हणाल्या, कुंदाले तं बिलकूल नाई."

मी फोन ठेवला आणि संतापले. खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं, आधी संताप आला. "मरून बी सोताचंच खरं करजो!" मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने ओरडले. "कोनाले आनू आता? कोन हाय मले?" खालचा भांड्यांचा आवाज थांबला. जिन्यावर पावलं वाजली आणि शबाना दारात आली, ओढणीला हात पुसत. तिने माझ्याकडे पाहिलं, स्टुलावरच्या दुसऱ्या चष्म्याकडे पाहिलं. "बाजी, मैं बैठूँ क्या?" ती म्हणाली. मग पुढे, "आपा भी बोलते थे, चल शबाना, तू बैठ. मैं डरती थी. चक्कर आते बोलके."

मी सरकले. ती माझ्या शेजारी सतरंजीवर बसली. मी तिच्या डोक्याला पट्टा बांधला, माझ्या मी बांधला. उजाडलं. वसे, काचेचं कवेलू, कापूस. आणि माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळ, कापूस हळूच खाली दबला आणि दबलेला राहिला. कचकच असा बारीक आवाज आला, सरकी दबल्याचा. कोणीच दिसत नव्हतं. मला माहीत होतं शेजारी शबाना आहे, आणि तरी काही क्षण मी मान वळवली नाही. ज्या माणसाचं ते वजन मला हवं होतं त्याचंच ते आहे असं मी धरून चालले. मग शेजारून शबानाचा श्वास ऐकू आला, घाबरलेला, आणि मी तिचा हात शोधून धरला. पिठाचा हात होता.

ऊन सरकत राहिलं. बाबा आले, हात खुपसला, म्हणाले, "नाई वं. थंडाच हाय."

"किससे बात कर रहे?" शबानाने हळूच विचारलं.

"माझ्या आईशी."

"वो किधर हैं?"

"नाही," मी म्हटलं. "जाऊन लय वर्षं झाली."

ऊन कापसावरून भिंतीवर चढलं. मग ती म्हणाली, "मैं अब्भी दोपहर को नीचे से पूछती, आपा, खाना लाऊँ क्या... इरफान को मालूम नहीं." माझ्या बाजूचा कापूस आणखी थोडा दबला. मी तिचा हात घट्ट धरला. खाली कुकरची शिट्टी झाली. मी म्हटलं, "शबाना, डाळ असंन तुझी." ती म्हणाली, "हौ." दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली, मग मी मोजायचं सोडून दिलं. दोघींपैकी कोणीच उठलं नाही.